तारीख, तिथी आणि एकोणिसावे वर्ष

(द्वितीय वर्ष, कला)

मला दोन वाढदिवस आहेत. एक महाविद्यालयातला आणि एक घरचा.

प्रथम वर्षाला प्रवेश घेताना आई माझ्याबरोबर आली होती. वसतिगृहाच्या अर्जावर जन्मतारखेच्या रकान्यात मी ६ ऑक्टोबर २००६ असे लिहिले. कार्यालयातल्या बाईंनी ती तारीख मोठ्याने वाचली, तशी आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "चुकलीस का काय? तू कोजागिरीची हायेस." मी तिला गप्प केले. चार लोकांसमोर मला थोडी लाजही वाटली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. अर्ज, रकाने, झेरॉक्स, साक्षांकित प्रती या जगात आईने बोलू नये असे तेव्हा मला वाटले होते. हा लेख म्हणजे एका परीने त्या दिवसाची परतफेड आहे.

आमच्या घरी तारखेप्रमाणे कुणाचाच वाढदिवस होत नसे. कोजागिरीच्या रात्री थोरल्या अपत्याला ओवाळण्याची पद्धत आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. मी थोरली आणि त्यातून जन्मलेही कोजागिरीलाच. त्यामुळे आईचे दोन्ही काम एका निरांजनात होई. शाळेत मात्र ६ ऑक्टोबरला गुरुजी माझे नाव पुकारत आणि मुले टाळ्या वाजवत. या दोन दिवसांची गाठ काही पडत नसे. माझ्या आठवणीतली कोजागिरी पाहा : २०२० साली ती ३० ऑक्टोबरला होती, २०२१ साली १९ ऑक्टोबरला, २०२२ साली ९ ऑक्टोबरला, २०२३ साली एकदम २८ ऑक्टोबरला आणि २०२४ साली १६ ऑक्टोबरला. चंद्र मला दरवर्षी हुलकावणी देतो असे मी मैत्रिणींना गमतीने सांगत असे.

आम्ही खोलीत चौघी आहोत. एक भूगोलाची, एक अर्थशास्त्राची, एक मराठीची आणि मी इतिहासाची. या लेखात मी त्यांना विषयांच्या नावानेच हाक मारणार आहे. खरी नावे छापली तर त्या माझ्याशी बोलणार नाहीत. आमच्या खोलीत प्रत्येकीच्या वाढदिवसाला वर्गणी काढून काहीतरी करण्याचा प्रघात आहे. माझी पाळी जवळ आली तेव्हा अर्थशास्त्र म्हणाली, "एकोणीस हा काही विशेष आकडा नाही. अठराला मतदानाचा हक्क मिळतो, एकविसाव्याला घरचे स्थळे बघतात. एकोणीस मधलाच. यंदा वडापाववर भागवू." सगळ्या हसल्या, मीही हसले. एकोणीस हाच सर्वांत विशेष आकडा आहे हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते.

ते कळले एका जुन्या कॅलेंडरमुळे. गौरी-गणपतीच्या सुटीत मी गावी गेले होते. आईच्या लोखंडी पेटीत खाली अंथरायला २००६ सालच्या कॅलेंडरची पाने होती. आमच्याकडे कॅलेंडर म्हणजे दुधाची वही. रोजच्या चौकोनात किती लिटर दूध घातले ते लिहायचे आणि वर्ष संपले की पाने पेटीत किंवा फडताळात अंथरायची. ऑगस्टचे पान माझ्या हाती आले. २७ तारखेच्या चौकोनात गणपतीचे चित्र होते. मी चमकले. कारण २०२५ सालीही गणपती २७ ऑगस्टलाच बसले होते. मग मी पेटीच रिकामी केली. भिंतीवरचे कॅलेंडर खाली उतरवले आणि जमिनीवर दोन्ही वर्षे शेजारी शेजारी मांडली. गुढीपाडवा : तेव्हाही ३० मार्च, आताही ३० मार्च. दसरा : तेव्हाही २ ऑक्टोबर, आताही २ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन : दोन्हीकडे २१ ऑक्टोबर. आणि कोजागिरी? दोन्हीकडे ६ ऑक्टोबर! वार तेवढे निराळे. २००६ साली तो शुक्रवार होता, २०२५ साली सोमवार.

म्हणजे जन्मल्यापासून प्रथमच माझी तारीख आणि माझी तिथी एका दिवशी येत होत्या. आईला हे सांगितले तर ती शांतपणे म्हणाली, "येनारच की कधीतरी. चंद्र जातोय कुठं?"

पण हे असे का होते? सुटी संपल्यावर दोन्ही पाने घेऊन मी आणि भूगोल आमच्या भूगोलाच्या सरांकडे गेलो. सरांनी फळ्यावर दहा मिनिटांत जे समजावले ते माझ्या शब्दांत येथे देते.

आपली रोजच्या व्यवहारातली तारीख सूर्याशी बांधलेली आहे. पृथ्वीला सूर्याभोवती फिरून त्याच ऋतूत परत यायला सुमारे ३६५.२४ दिवस लागतात. तिथी मात्र चंद्र आणि सूर्य यांच्यामधल्या अंतराशी बांधलेली आहे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. अशा तीस तिथींचा, म्हणजे एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंतचा, चांद्रमास सुमारे २९.५३ दिवसांचा असतो. बारा चांद्रमासांचे दिवस होतात सुमारे ३५४. म्हणजे चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा जवळजवळ ११ दिवसांनी लहान. म्हणूनच कोजागिरी दरवर्षी दहा-अकरा, कधी बारा दिवसांनी अलीकडे येते.

असेच चालू राहिले तर काही वर्षांनी दिवाळी भर पावसाळ्यात येईल. ते होऊ नये म्हणून आपल्या पंचांगात अधिक मासाची योजना आहे. ज्या चांद्रमासात सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जात नाही, म्हणजे ज्यात संक्रांतच पडत नाही, तो महिना अधिक धरतात. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी असा महिना येतो आणि मागे पडत चाललेल्या तिथींना पुन्हा पुढे ढकलतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणूनच त्या वर्षी कोजागिरी ९ ऑक्टोबरवरून २८ ऑक्टोबरवर उडी मारून गेली. आई याला 'धोंड्याचा महिना' म्हणते आणि जावयाच्या पुरणाच्या धोंड्यांपलीकडे त्याचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

आता एकोणिसाचे गणित. एकोणीस सौर वर्षांचे दिवस होतात सुमारे ६९३९.६०. एकोणीस वर्षांत साधे चांद्रमास १९ × १२ म्हणजे २२८, आणि त्यांत सात अधिक मास मिळवले की २३५. या २३५ चांद्रमासांचे दिवस होतात सुमारे ६९३९.६९. दोन्ही आकड्यांत फरक पडतो फक्त दोन तासांचा! एकोणीस वर्षे सूर्य आणि चंद्र आपापल्या चालीने चालतात, आणि एकोणिसाव्या वर्षाच्या शेवटी जवळजवळ बरोबर त्याच जागी एकमेकांना भेटतात. मी सरांसमोरच बोटे मोडून मोजले. माझ्या जन्मानंतरचे अधिक मास : २००७ साली ज्येष्ठ, २०१० साली वैशाख, २०१२ साली भाद्रपद, २०१५ साली आषाढ, २०१८ साली ज्येष्ठ, २०२० साली आश्विन, २०२३ साली श्रावण. बरोबर सात.

हा शोध फार जुना आहे. बॅबिलोनच्या लोकांना हे चक्र माहीत होते. अथेन्सच्या मेटनने ते इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात मांडले, म्हणून युरोपात त्याला मेटनचे चक्र म्हणतात. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने 'पंचसिद्धांतिका' या ग्रंथात पाच सिद्धांतांचा गोषवारा दिला, त्यांतल्या रोमक सिद्धांतात २८५० वर्षांचे एक युग धरले असून त्यात १०५० अधिक मास सांगितले आहेत. दोन्ही आकड्यांना १५० ने भागून पाहा. एकोणीस वर्षे आणि सात अधिक मास! इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला याचे फार अप्रूप वाटले.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. हा मेळ अगदी मिनिटामिनिटाचा नसतो. तिथी केव्हाही सुरू होते आणि केव्हाही संपते. बहुतेक तिथी सूर्योदयाला धरतात, तर कोजागिरीला मध्यरात्रीची पौर्णिमा धरतात. त्यामुळे २०२५ साली कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती, पण सूर्योदयाची आश्विन पौर्णिमा ७ तारखेला होती. लीप वर्षांचाही थोडा गोंधळ असतो. म्हणून एकोणीस वर्षांनी कधी कधी एका दिवसाचा फरक पडतो. उदाहरणार्थ, होळी २००६ साली १४ मार्चला पेटली होती, २०२५ साली ती १३ मार्चला पेटली. एवढा फरक क्षम्य मानला तर नियम पक्का आहे : वयाच्या १९, ३८, ५७ आणि ७६ व्या वर्षी माणसाची तारीख आणि तिथी परत भेटतात. अर्थशास्त्राला हे सांगितले तेव्हा तिने वडापावचा ठराव मागे घेतला. "आयुष्यात चार वेळाच येणारी गोष्ट असेल तर जरा खर्च करायला हरकत नाही," असे ती म्हणाली.

बेत ठरला तो असा : ६ ऑक्टोबरला चौघींनी माझ्या गावी जायचे, गच्चीवर दूध आटवायचे आणि दोन्ही वाढदिवस एकदम साजरे करायचे. पण मध्येच पाऊस आला.

मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ च्या उत्तरार्धात काय झाले ते वाचकांना सांगायला नको. नद्या पात्र सोडून शिवारात शिरल्या. आमचे गाव नदीपासून लांब, माळावर आहे, म्हणून घरे वाचली. पण काढणीला आलेले सोयाबीन दहा दिवस पाण्यात उभे राहिले. शेंगांना झाडावरच कोंब फुटले. वडिलांचा फोन आला तेव्हा त्यांनी पिकाचे काहीच सांगितले नाही. "मैत्रिणींना आत्ता नको आणू, वाटेत चिखल हाय," एवढेच म्हणाले. त्यावरून मी काय ते समजले. वाढदिवस रद्द, असे मी खोलीत जाहीर केले.

मैत्रिणींनी ऐकले नाही. "वाढदिवस नको तर नको, पण सोयाबीन तर काढायचंच आहे ना?" असे मराठी म्हणाली. ती स्वतः शेतकऱ्याची मुलगी. रविवारी, ५ तारखेला, आम्ही चौघी एस.टी.ने गावी उतरलो. सोमवारच्या तासिका त्यामुळे बुडाल्या, याची कबुली प्राध्यापकांसमोर येथेच देऊन टाकते.

शेतात ताडपत्र्या पसरल्या होत्या. जे काही वाचले होते ते कापून, उन्हात घालून, ढग आला की झाकायचे आणि ऊन पडले की पुन्हा उघडायचे असे काम चालले होते. दोन दिवस आम्ही तेच केले. शहरात वाढलेल्या अर्थशास्त्राच्या हाताला फोड आले. पण तिनेच पंचनाम्याचा अर्ज बसून नीट भरून दिला. वडील तिला 'साहेब' म्हणू लागले.

ऋतू बदलताना कसा दिसतो ते मी त्या दोन दिवसांत नीट पाहिले. एरव्ही आपण पुस्तकात 'शरद ऋतू' असे वाचून पुढे जातो. सकाळी गवतावर दव होते आणि माळावर धुके. दहा वाजता आभाळ धुतल्यासारखे निळे झाले आणि ऊन असे लागू लागले की डोक्यावर पदर घ्यावा. भूगोलाने कारण सांगितले. सूर्य दक्षिणेकडे सरकतो, जमिनीवरचा कमी दाबाचा पट्टा विरतो, समुद्राकडून येणारे वारे मंदावतात आणि आभाळ मोकळे होते. ओल्या जमिनीवर उघडे ऊन पडते, म्हणून ऑक्टोबरचा उष्मा असा चिकट लागतो. त्याच मोकळ्या आभाळातून रात्री जमिनीची उष्णता निघून जाते, म्हणून पहाटे गारवा आणि दव. परतीचा पाऊस या दोन्हींच्या मधे येतो. दुपारपर्यंत ऊन तापते आणि संध्याकाळी ढग गडगडतात.

माझ्या आईची आई त्या दिवसांत आमच्याकडे आलेली होती. तिने हे सगळे एका शब्दात सांगितले : "हत्ती हाय अजून." म्हणजे हस्त नक्षत्र. पावसाची नक्षत्रे चंद्राची नसून सूर्याची असतात, हेही मला यंदाच कळले. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते पावसाचे नक्षत्र. म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो आणि हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे पंचांग पाहणाऱ्या माणसांची तिथी चंद्राची, आणि पेरणी करणाऱ्या माणसांचे नक्षत्र सूर्याचे. आजी अक्षरशत्रू आहे. पण ती ही दोन्ही कालगणने एकदम चालवते आणि कधी गोंधळत नाही. सण तिथीने आणि शेत नक्षत्राने!

त्यामुळेच माझ्या घरच्या वाढदिवसाला ऋतू दरवर्षी निराळा असे. २०२० साली कोजागिरी महिनाअखेरीला आली, तेव्हा सूर्य स्वाती नक्षत्रात गेला होता आणि आम्ही गोधड्या घेऊन गच्चीवर बसलो होतो. यंदा ती हस्तात आली, आणि माझ्या जन्माच्या दिवशीही हस्तच होता. तारीख, तिथी आणि पावसाचे नक्षत्र तिन्ही जुळले. पाऊस मात्र यांतल्या कुणाचेच ऐकत नाही. आई म्हणते, माझ्या जन्माच्या रात्री एक हलकी सर येऊन गेली होती. यंदा त्याच तारखेला आमचे अर्धे पीक कुजलेले होते. कॅलेंडर आपल्याला ऋतूचा दरवाजा दाखवते. त्यातून काय आत येईल ते सांगत नाही.

६ तारखेच्या रात्री गच्चीवर दोन विटा मांडून दूध ठेवले. वेलदोडा आणि चारोळी मराठीने वर्गणीतून आणली होती. चंद्र ढगातून मधूनच निघे आणि मधूनच बुडे. आईने ताम्हनात निरांजन लावले, सुपारी ठेवली, अंगठी नव्हती म्हणून कानातली फुले काढून ठेवली आणि मला ओवाळले. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. शाळेतल्या टाळ्या आणि घरचे निरांजन मी प्रथमच एकदम अनुभवले.

मग भूगोलाने सहज विचारले, "काकू, तुमचा वाढदिवस कधी असतो?"

आई हसली. "दाखल्यावर एक जून हाय."

हे उत्तर ऐकून आम्ही कुणीच चकित झालो नाही. आपल्या महाविद्यालयातल्या किती विद्यार्थ्यांच्या आईवडिलांची जन्मतारीख १ जून आहे, हे कुणी मोजले तर मोठा आकडा निघेल. घरी नोंद नसलेले मूल शाळेत आणले की गुरुजी अंदाजाने वय ठरवत आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून लिहीत. वडिलांची १ जून, चुलत्यांची १ जून, आईचीही १ जून. एका छपराखाली सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी, आणि म्हणून कुणाचाच नाही.

"खरी कुणाला ठाऊक?" आई म्हणाली.

"मला हाय की," आजी कोपऱ्यातून म्हणाली. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झालीस तू. त्या साली दसरा आन् गांधी जयंती एकाच दिवशी आलती. सकाळी शाळेची पोरं 'गांधीजी की जय' करत फेरी काढून गेली आन् सांजच्याला सोनं वाटायला माणसं आली. दुसऱ्या दिवशी तू. पाऊस नव्हता त्या साली. ज्वारी पेरावी का नको, असं झालतं."

आम्ही चौघी एकमेकींकडे पाहू लागलो. दाखल्यावरचे साल १९८७. ते देशभर दुष्काळाचे साल होते, हे पुस्तकात आहे. १९८७ आणि ३८ म्हणजे २०२५, आणि ३८ म्हणजे एकोणिसाची दुप्पट. तेव्हा १९८७ सालचे कॅलेंडर शोधायची गरजच नव्हती. ते भिंतीवर टांगलेले होते! मी खाली धावत जाऊन ते घेऊन आले. कंदिलाजवळ धरले. दसरा २ ऑक्टोबर, गांधी जयंती २ ऑक्टोबर, दोन्ही एकाच चौकोनात. दुसरा दिवस ३ ऑक्टोबर.

आईची जन्मतारीख ३ ऑक्टोबर १९८७.

इतिहासाच्या तासाला आम्हाला लिखित साधने आणि मौखिक साधने असे प्रकार शिकवतात. लिखित साधन विश्वसनीय आणि मौखिक साधन तपासून घ्यावे असे मी परीक्षेत लिहून आले आहे. येथे तर उलटे झाले होते. शिक्का मारलेला दाखला अंदाजाने लिहिलेला होता, आणि अक्षरशत्रू आजीची नोंद दिवसासकट खरी होती. तिच्याजवळ आकडा नव्हता एवढेच. आकडा काढण्याची किल्ली मला महाविद्यालयात मिळाली. पण कुलपाच्या आतले धन तिनेच अडतीस वर्षे सांभाळले होते.

"तीन दिवसांपूर्वी होऊन गेला की काकूंचा वाढदिवस," अर्थशास्त्र म्हणाली. तीन दिवसांपूर्वी आई दिवसभर सोयाबीनच्या ओल्या शेंगा निवडत होती. मग आजीने आईला ओवाळले. तेच ताम्हन, तीच सुपारी, तीच कानातली फुले. आई अवघडून बसली होती. पाटावर बसायची तिला सवय नव्हती, पाटासमोर बसायची होती.

"कागदावर बदलून घ्यायची का तारीख?" वडिलांनी विचारले.

"राहू द्या," आई म्हणाली. "कागदावर जूनच बरा. पर जूनमदी पेरणीची घाई असती, तवा कुणी वाढदिवस करत नाही. हे बरं हाय, दसऱ्याला लागून."

रात्री मैत्रिणी झोपल्यावर मी पडल्या पडल्या हिशोब केला. आईचे लग्न २००५ सालच्या मार्गशीर्षात झाले. तिला एकोणिसावे वर्ष पुरे झाले ३ ऑक्टोबर २००६ रोजी. त्याही दिवशी, आताच सांगितलेल्या नियमाप्रमाणे, दसऱ्याचा दुसरा दिवस होता. तिची तारीख आणि तिथी त्या दिवशी प्रथमच एकत्र आल्या होत्या. तिला ते माहीत नव्हते, कुणी सांगणारेही नव्हते. तीन दिवसांनी, कोजागिरीच्या रात्री नऊ वाजता, तालुक्याच्या दवाखान्यात मी झाले. सातवीनंतर गावात शाळा नव्हती म्हणून तिचे शिक्षण थांबले होते. एकोणीस वर्षे आणि तीन दिवस वयाची ती मुलगी आई झाली, आणि एकोणीस वर्षांची मी द्वितीय वर्ष कला शाखेत मैत्रिणींबरोबर मसाला दूध पीत होते. अर्थशास्त्र म्हणाली होती की एकोणीस हा मधलाच आकडा. आईच्या बाबतीत तो मधला नव्हता आणि माझ्या बाबतीत तो मधला राहू शकला, कारण तिने शाळेच्या फीचे पैसे दुधाच्या हिशोबातून बाजूला काढले. त्या हिशोबाची पाने मी पेटीत पाहिली आहेत.

वाचकहो, हा लेख वाचून झाल्यावर एक करावे. आपल्या आईवडिलांची, आजीआजोबांची जन्मतारीख १ जून असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे. कुठला सण होता, सणाच्या आधी की नंतर, पेरणी झाली होती की काढणी, त्या साली पाऊस कसा होता, एवढे विचारावे. साल नक्की झाले की त्यात १९ मिळवत जावे. समजा १९७० साली जन्म असेल तर १९८९, २००८ आणि २०२७ ही भेटीची वर्षे. त्यांतल्या कोणत्याही वर्षाचे कॅलेंडर मिळवून तो सण किती तारखेला आहे ते पाहावे. एखाद्या दिवसाचा फरक राहील, तो राहू द्यावा. अडतीस किंवा सत्तावन्न वर्षांत एका दिवसाची चूक म्हणजे १ जूनपेक्षा पुष्कळच बरे. आणि हे काम लवकर करावे. कॅलेंडर केव्हाही मिळेल, सांगणारी माणसे मिळणार नाहीत.

माझी आणि आईची पुढची भेट २०४४ साली. तेव्हा मी अडतीस वर्षांची असेन, आजच्या आईएवढी, आणि आई सत्तावन्न वर्षांची.

दिवाळीच्या सुटीत घरी गेले तेव्हा भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. ऑक्टोबरच्या पानावर नेहमीप्रमाणे रोजच्या दुधाचे आकडे होते. ६ तारखेच्या चौकोनात दुधाच्या आकड्याखाली माझे नाव होते, ते ती दरवर्षी कोजागिरीला लिहीत असे. आणि ३ तारखेच्या चौकोनात, तीन लिटरच्या खाली, आईने आपल्या सातवीच्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता : 'मी'.